खिडकीमागचे शिक्षण : कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे अल्पखर्चिक व सातत्यपूर्ण प्रशिक्षण

वार्षिक अहवाल हाती घेतल्यावर वाचकांची नजर सर्वप्रथम बाह्यरुग्ण व आंतररुग्णांच्या संख्येवर, शस्त्रक्रियांच्या तक्त्यावर आणि नव्या यंत्रसामग्रीच्या छायाचित्रांवर जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु रुग्णालयात येणारा रुग्ण डॉक्टरांना भेटण्यापूर्वी एका खिडकीसमोर उभा राहतो आणि घरी जाताना पुन्हा एका खिडकीसमोरच थांबतो. पहिल्या खिडकीवर त्याचा केसपेपर निघतो, शेवटच्या खिडकीवर त्याचे बिल होते. या खिडक्यांमागे बसणारे नोंदणी लिपिक, रोखपाल, बिलिंग विभागातील सहकारी, रेकॉर्ड रूम सांभाळणारे, विमा व शासकीय योजनांची कागदपत्रे पाहणारे आणि दूरध्वनीवर बसणारे कर्मचारी यांच्याविषयी आमच्या अहवालांत आजवर वेतनखर्चाच्या रकान्यापलीकडे फारसे काही आलेले नाही. ती उणीव काही अंशी दूर व्हावी, या हेतूने हा लेख सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

डॉक्टरांच्या ज्ञानाला उजाळा मिळत राहावा, याची व्यवस्था नियमांनीच केलेली आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना डॉक्टरांना सातत्यपूर्ण वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मात्र असे कोणतेही बंधन नाही. तो नोकरीस लागतो, जुना सहकारी त्याला दोन-चार दिवस शेजारी बसवून काम दाखवितो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या शिदोरीवर काम चालते. त्या काळात कायदे बदलतात, योजना बदलतात, संगणकप्रणाली बदलते. माणूस मात्र जुन्याच माहितीवर निर्णय देत राहतो. यात त्याचा दोष नसतो, परंतु परिणाम रुग्णाला भोगावा लागतो.

एका रात्रीचा प्रसंग

हा उपक्रम कशातून सुरू झाला, हे प्रामाणिकपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका मध्यरात्री एका ऊसतोड कामगाराला पोटातील असह्य वेदनांमुळे आमच्या रुग्णालयात आणण्यात आले. अपघात विभागातील डॉक्टरांनी त्याला तपासून दाखल करण्याची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन त्याचा भाऊ नोंदणीच्या खिडकीवर गेला. तेथील कर्मचाऱ्याने नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्यास अनामत रक्कम भरण्यास सांगितले. भावाजवळ तेवढे पैसे नव्हते. तो फडावर परत गेला, मुकादमाला उठवून त्याच्याकडून उचल घेतली आणि सुमारे दोन तासांनी परत आला. तोवर रुग्ण बाकावरच होता. वॉर्डातून ‘रुग्ण अजून वर का आला नाही?’ अशी विचारणा झाली, तेव्हा हा प्रकार ध्यानात आला.

सुदैवाने शस्त्रक्रिया वेळेत झाली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वैद्यकीय समाजसेवकांनी चौकशी केली असता कुटुंबाकडे दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असल्याचे आढळले. धर्मादाय रुग्णालयांसाठी लागू असलेल्या योजनेनुसार त्याच्यावर मोफत उपचार व्हावयास हवे होते. शिवाय तातडीच्या रुग्णाला दाखल करताना अनामत मागता येत नाही, असे त्याच योजनेत स्पष्ट म्हटलेले आहे. आम्ही रक्कम परत केली व दिलगिरी व्यक्त केली. परंतु एकदा घेतलेली उचल मजुराच्या खात्यावर चढलेली असते आणि ती कशी फेडावी लागते, हे आपल्या भागातील वाचकांना सांगावयास नको.

त्या कर्मचाऱ्यास आम्ही जाब विचारला, तेव्हा त्याने दिलेले उत्तर आम्हालाच विचारात टाकणारे होते. तो भांडार विभागातून नुकताच रात्रपाळीच्या खिडकीवर आला होता. योजनेचे परिपत्रक त्याने कधी पाहिलेच नव्हते. ते आमच्या कार्यालयातील फायलीत व्यवस्थित लावलेले होते. फायलीत कागद असणे आणि खिडकीवरच्या माणसाला तो ठाऊक असणे, या दोन गोष्टींमधील अंतर भरून काढण्याचे काम व्यवस्थापनाचे होते व ते आम्ही केलेले नव्हते.

खिडकीवर नेमके काय ठाऊक असावे लागते?

बाहेरून पाहणाऱ्यास हे काम नाव-गाव लिहून घेण्याचे व पैसे मोजण्याचे वाटते. प्रत्यक्षात किती कायदे व योजना त्या टेबलावरून जातात, याची थोडी कल्पना यावी म्हणून काही उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण वरील योजनेचेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांवर काही जबाबदाऱ्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धन रुग्णाच्या औषधांचा व साहित्याचा खर्च खरेदी किमतीने या निधीतून भागविला जातो. दुर्बल घटकातील रुग्णाने मात्र औषधे, साहित्य व रोपणे यांच्या बिलाचा किमान निम्मा भाग स्वतः भरावयाचा असतो. दोहोंतील हा फरक बिल करणाऱ्यास माहीत नसेल, तर एक तर रुग्णावर अन्याय होतो किंवा निधीवर. उत्पन्नाची मर्यादाही शासन वेळोवेळी बदलते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शिकलेला आकडा आज सांगणे म्हणजे पात्र रुग्णास परत पाठविणे होय.

दुसरे उदाहरण शासनाच्या आरोग्य योजनेचे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०२० मध्ये ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडण्यात आली आणि १ जुलै २०२४ पासून विमासंरक्षण प्रति कुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. आरंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांवर असलेला भर त्यानंतर शुभ्र शिधापत्रिकाधारकांपर्यंत विस्तारला. या प्रत्येक टप्प्यावर खिडकीवरील उत्तर बदलले. ‘तुमचे कार्ड पांढरे आहे, तुम्हाला योजना लागू नाही’ हे वाक्य एके काळी योग्य होते. तेच आज उच्चारले, तर एखादे कुटुंब हक्काच्या उपचारांना मुकेल.

तिसरे उदाहरण गर्भवती महिलांच्या सोनोग्राफीचे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा असून त्याखालील ‘एफ’ नमुना प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीच्या वेळी भरावा लागतो आणि मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. हा नमुना अपुरा राहणे ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मधील निकालात कायम केली. म्हणजे एक रकाना कोरा ठेवणाऱ्या लिपिकाच्या हाती डॉक्टरांची प्रतिष्ठा व केंद्राची नोंदणी या दोन्ही गोष्टी असतात. हे त्याला कोणी समजावून सांगितले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने स्वतःस विचारावा.

चौथे उदाहरण वैद्यकीय कागदपत्रांचे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असे रेकॉर्ड रूममधून सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्यास या नियमाची कल्पनाच नसते. याच्या उलट चूकही घडते. शेजारी किंवा दूरचा नातेवाईक म्हणून आलेल्या कोणालाही कागद दाखविले जातात. रुग्णाची माहिती ही रुग्णाची आहे, हे सूत्र २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

बाहेरच्या कार्यशाळा का पुरल्या नाहीत?

वरील प्रसंगानंतर आम्ही प्रथम जो मार्ग धरला तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मोठ्या शहरात होणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळांना दोघे-तिघे कर्मचारी पाठविले. शुल्क, प्रवास, मुक्काम आणि त्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस बसविण्याचा खर्च आला. कर्मचारी प्रमाणपत्र व जाड फाईल घेऊन परतले. कार्यशाळा चांगल्या होत्या, यात शंका नाही. परंतु त्यांतील उदाहरणे बहुधा मोठ्या खासगी रुग्णालयांची होती. शिकून आलेल्याने इतरांना शिकवावे, अशी योजना आम्ही केलेली नव्हती. पुढे त्यांतील एक जण नोकरी सोडून गेला आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही गेले. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना तर अशी संधी कधीच मिळाली नाही, कारण त्यांना बदली माणूस मिळणे सर्वांत कठीण असते. ज्या खिडकीवर चूक होण्याचा संभव अधिक, तीच खिडकी प्रशिक्षणापासून दूर राहिली.

यातून आम्ही तीन निष्कर्ष काढले. प्रशिक्षण सर्वांना मिळावयास हवे. ते वर्षातून एकदा न देता थोडे-थोडे व सतत द्यावयास हवे. आणि ते आपल्याच खिडकीवर रोज उद्भवणाऱ्या प्रश्नांवर आधारलेले असावे.

अर्ध्या तासाची बैठक

सध्याची पद्धत अशी आहे. आठवड्यातून एकदा दुपारी पाळी बदलण्याच्या वेळी अर्ध्या तासाची बैठक होते. एका बैठकीत एकच विषय घेतला जातो. तीच बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपविणाऱ्यांसाठी पुन्हा घेतली जाते आणि तो अर्धा तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरला जातो. हा निर्णय विश्वस्त मंडळाने मान्य केला, हे या उपक्रमाच्या यशाचे मोठे कारण आहे. कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेतून घेतलेले प्रशिक्षण त्याला शिक्षेसारखे वाटते, हा आमचा अनुभव आहे.

विषय ठरविण्यासाठी आम्ही ‘चूक-वही’ ठेवली आहे. परत आलेला दावा, दुरुस्त करावे लागलेले बिल, चुकलेला पत्ता, न सापडलेला केसपेपर, रुग्णाने केलेली तक्रार, अशी प्रत्येक गोष्ट तीत लिहिली जाते. महिनाअखेर त्यातील वारंवार घडलेल्या चुका निवडून पुढील महिन्याचे पाठ ठरतात. आरंभी या वहीत चूक करणाऱ्याचे नावही लिहिले जात असे. परिणामी महिनाभरात वही जवळजवळ कोरी राहू लागली. चुका घडत होत्या, परंतु लिहिण्यास कोणी धजत नव्हते. नावाचा रकाना काढून टाकल्यावर वही पुन्हा भरू लागली.

शिकविणारे बहुतेक आपल्याच घरातील आहेत. शासकीय योजनेचा पाठ ती कामे रोज करणारा सहकारी घेतो. निर्धन रुग्ण निधीचा पाठ वैद्यकीय समाजसेवक व लेखापाल मिळून घेतात. सोनोग्राफीच्या नमुन्याविषयी क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर स्वतः बोलतात. प्रत्येक पाठाचा सारांश मोठ्या अक्षरांत एका पानावर छापला जातो, त्यावर दिनांक घातला जातो आणि तो खिडकीच्या आतल्या बाजूस लावला जातो. नियम बदलला की जुने पान काढून नवे लावण्याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर आहे. भिंतीवरचा जुना कागद हा कागद नसण्यापेक्षाही घातक असतो, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

नव्याने रुजू होणाऱ्या अथवा दुसऱ्या विभागातून बदलून येणाऱ्या कर्मचाऱ्यास आता मूळ बारा पानांचा संच वाचून, त्यावरील तोंडी प्रश्नांची उत्तरे देऊन आणि अनुभवी सहकाऱ्याबरोबर काम करूनच स्वतंत्रपणे खिडकी सांभाळता येते. रात्रपाळी सर्वांत शेवटी दिली जाते.

काही पाठ

नाव लिहिण्याच्या साध्या वाटणाऱ्या विषयावर आम्हांस तीन बैठका घ्याव्या लागल्या. आपल्याकडे एकाच गावात, एकाच आडनावाच्या भावकीत एकसारख्या नावाची दोन-तीन माणसे असणे नवलाचे नाही. म्हणून केवळ नावावर विसंबून जुना केसपेपर काढू नये. नावाबरोबर जन्मतारीख अथवा वय, दूरध्वनी क्रमांक किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक यांपैकी किमान एक खूण पडताळावी. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे न विचारता ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असे विचारावे. घाईत, वेदनेत किंवा ऐकू कमी येत असताना माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची नोंद हा दुसरा विषय. बरोबर आई किंवा भाऊ असतो आणि तो सवयीने तिचे माहेरचे नाव व माहेरचा पत्ता सांगतो. आधीच्या तपासण्या सासरच्या गावी दुसऱ्या नावाने झालेल्या असतात. मूल जन्मल्यावर हीच माहिती जन्माच्या अहवालात उतरते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी व पुढे जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. तेव्हा आमच्या खिडकीवर चुकलेली एक वेलांटी त्या बालकाच्या मागे किती वर्षे लागेल, याचा विचार करावा. या पाठानंतर आम्ही एक साधी पद्धत सुरू केली. अहवाल पाठविण्यापूर्वी आई-वडिलांची नावे आधारपत्रावरून मोठ्याने वाचून दाखवावयाची व त्यांची स्वाक्षरी किंवा अंगठा घ्यावयाचा. बाळाचे नाव ठरले नसेल तरी जन्मनोंद थांबवावयाची नसते. नाव नंतर घालता येते, हेही पालकांना त्याच वेळी सांगितले जाते.

तिसरा पाठ प्रश्न विचारण्याच्या रीतीचा. ‘तुम्ही निर्धन आहात का?’ असा प्रश्न भर रांगेत काचेपलीकडून मोठ्याने विचारला, तर बहुतेक स्वाभिमानी माणसे ‘नाही’ म्हणतील आणि कर्ज काढून पैसे भरतील. आमच्याकडे असे घडलेले आहे. म्हणून आता दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, कपड्यांवरून अंदाज न बांधता, एकच प्रश्न विचारला जातो : ‘रेशनकार्ड कोणते आहे आणि बरोबर आणले आहे का?’ पुढील चौकशी वैद्यकीय समाजसेवक बाजूच्या खोलीत बसून करतात. रात्री कार्ड जवळ नसेल, तर उपचार थांबवावयाचे नाहीत. कार्ड सकाळी आणण्यास सांगावयाचे. त्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत एवढे वाक्य पुरेसे झाले असते.

चौथा पाठ रोखीच्या व्यवहारांचा. २०१७ पासून आयकर कायद्यातील तरतुदीनुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगासंबंधी, दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. एकाच रुग्णाच्या बिलाचे तुकडे पाडून निरनिराळ्या दिवशी रोख भरली, तरीही नियमभंग होतो. हे रोखपालाने नातेवाइकांना बिलाच्या शेवटच्या दिवशी न सांगता दाखल करतानाच सौम्य शब्दांत सांगावे, असे ठरले आहे.

अशा पाठांच्या शेवटी पाच-सात मिनिटे ‘खिडकी’ हा खेळ होतो. एक सहकारी लिपिक होतो, दुसरा रुग्णाचा नातेवाईक. कधी नातेवाईक संतापलेला असतो, कधी वृद्ध व गोंधळलेला, तर कधी शोकात. प्रारंभी सर्वांना संकोच वाटे. परंतु नातेवाइकाची भूमिका केल्यावर काचेच्या त्या बाजूस उभे राहणे कसे असते, हे जितके समजते तितके व्याख्यानातून समजत नाही.

खर्चाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही. ‘घरच्या घरी’ दिलेले प्रशिक्षणही फुकट नसते, कारण कर्मचाऱ्याच्या वेळेस मूल्य असते. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. सणवार व अडचणीचे आठवडे वगळून वर्षात ४० बैठका धरल्या, तर प्रत्येक कर्मचाऱ्याचे २० तास होतात. आठवड्याचे ४८ तास व ५० आठवडे धरल्यास वर्षाचे काम २,४०० तासांचे होते. म्हणजे प्रशिक्षणास एकूण वेळेच्या शेकडा एक टक्काही लागत नाही. मासिक वेतन १५,००० रुपये धरले, तर तासाचे मूल्य ७५ रुपये व वर्षाच्या २० तासांचे १,५०० रुपये होते. तीस कर्मचाऱ्यांसाठी हा आकडा ४५,००० रुपये होईल. छपाईचे पान दोन रुपये धरल्यास प्रत्येकास ४० पाने देण्याचा खर्च २,४०० रुपये. चहाचा खर्च आम्ही यात धरलेला नाही, कारण तो एरवीही होतोच.

यातील ४५,००० रुपये तिजोरीतून वेगळे काढून द्यावे लागत नाहीत. ते वेतनात आधीच समाविष्ट असतात. याउलट कागद अपुरे असल्याने एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेचा दावा नामंजूर झाला, तर तेवढ्या एका नुकसानीतच वर्षभराच्या प्रशिक्षणाचा खर्च निघून गेला असता. आणि निर्धन रुग्णाला चुकून आकारलेले पैसे तर कोणत्याच ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाहीत. ते त्याच्या घराच्या हिशेबात दिसतात.

बाहेरच्या शिक्षणास आमचा विरोध नाही. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या संगणकीय व्यासपीठावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून पदवी घेण्याचा मार्गही खुला आहे. कोणी बाहेर शिकावयास गेल्यास परतल्यावर त्याने दोन बैठका घ्याव्यात, एवढीच आमची अट असते. अशा रीतीने एकाचे शुल्क सर्वांच्या कामी येते.

अडचणी व मर्यादा

सर्व काही सुरळीत झाले, असे भासविणे योग्य होणार नाही. वीस वर्षे खिडकी सांभाळलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ‘आता आम्हाला शिकविणार?’ असे वाटणे साहजिक होते. त्यांनाच प्रथम शिक्षक केल्यावर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. त्यांच्या तोंडून आम्हांस कार्यालयात कधीच न कळलेल्या गोष्टी कळल्या. काही वेळा तर चूक कर्मचाऱ्याची नसून आमच्या अर्जाच्या छपाईची होती. रकाना इतका अरुंद होता की पूर्ण पत्ता त्यात मावतच नव्हता. तो अर्ज बदलला आणि ती चूक कोणत्याही प्रशिक्षणाविना थांबली.

साथीच्या दिवसांत व वर्षअखेरीस बैठका चुकतात. लेखी परीक्षेची भीती वाटत असल्याने ती आम्ही बंद केली. आता बैठकीनंतर पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक खिडकीवरच एखादा प्रश्न विचारतात आणि उत्तर न आल्यास तेथेच सांगतात. उपस्थितीच्या स्वाक्षऱ्यांवरून यश मोजण्याचा मोह आम्ही टाळतो. परत आलेले नमुने, दुरुस्त करावी लागलेली बिले, मुदतीत दिलेले अभिलेख आणि रुग्णालयात असतानाच लाभ मिळालेले पात्र रुग्ण, यांवर आम्ही लक्ष ठेवतो. घरी गेल्यानंतर ज्याला पैसे परत द्यावे लागतात, तो रुग्ण आमच्या दृष्टीने अपयशातच मोडतो.

नम्र आवाहन

देणगीदार यंत्रासाठी, खाटेसाठी अथवा खोलीसाठी उदार हस्ते देणगी देतात. त्यावर नाव कोरता येते व ते योग्यही आहे. कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावर नाव कोरता येत नाही. म्हणून या उपक्रमासाठी आम्ही आपणांकडे पैसा मागत नाही. आपला एक तास मागतो. आपल्या सभासदांत तहसील कार्यालय, बँक, विमा, टपाल, न्यायालय व शिक्षण या क्षेत्रांतून निवृत्त झालेले अनेक जण आहेत. उत्पन्नाचा दाखला कसा तपासावा, खाडाखोड कशी ओळखावी, संतापलेल्या ग्राहकाशी कसे बोलावे, निरक्षर माणसाकडून संमती कशी घ्यावी, हे त्यांनी आयुष्यभर केलेले आहे. वर्षातून एका दुपारी येऊन त्यांनी ते आमच्या सहकाऱ्यांना सांगावे, अशी विनंती आहे.

त्याचबरोबर आणखी एक विनंती. आपण स्वतः किंवा आपल्या ओळखीचे कोणी आमच्या खिडकीवर आले आणि तेथे चुकीचे उत्तर मिळाले, तर ते मनात न ठेवता आम्हांस कळवावे. कोणाचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. तारीख, वेळ व काय सांगितले गेले, एवढे पुरे आहे. ते चूक-वहीत लिहिले जाईल आणि एखाद्या आठवड्याचा पाठ होईल.

रात्रपाळीच्या ज्या कर्मचाऱ्यापासून या लेखाची सुरुवात झाली, तो आजही आमच्याकडेच आहे. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी अनामत व तातडीच्या रुग्णांविषयीचा पहिला पाठ तोच घेतो. त्या रात्रीचा प्रसंग तो स्वतःहून सांगतो आणि त्यानंतर ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ असा प्रश्न विचारतो.